रेल मदद, १३९ आणि ‘एक्स’ : धावत्या गाडीतील तक्रारीसाठी कोणता मार्ग खरा?

विकत घेतलेली वस्तू सदोष निघाली आणि ती चार दिवसांनी बदलून मिळाली, तरी ग्राहक समजून घेतो. रेल्वेच्या प्रवाशाला तशी सवड नसते. डब्यातले पाणी संपले, शेजारच्या वृद्ध प्रवाशाच्या छातीत दुखू लागले किंवा एकट्याने प्रवास करणाऱ्या मुलीला कोणी त्रास देऊ लागले, तर मदत पुढच्या मोठ्या स्थानकाच्या आत यावी लागते. नंतर आलेले नम्र उत्तर त्या प्रवाशाच्या काहीही उपयोगाचे नसते. भारतीय रेल्वेच्या ‘रेल मदद’ या तक्रार नोंदवण्याच्या सेवेकडे मी याच कसोटीने पाहतो. सेवा चांगली आहे आणि प्रत्येक प्रवाशाने ती वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ज्या समाजमाध्यमामुळे रेल्वेच्या तक्रार निवारणाचा एवढा गाजावाजा झाला, तो मार्ग आज सर्वांत लांबचा झाला आहे.

हा गाजावाजा पोकळ नव्हता, हेही सांगितले पाहिजे. नोव्हेंबर २०१४ मध्ये कोकणातले सुरेश प्रभू रेल्वेमंत्री झाले आणि सप्टेंबर २०१७ पर्यंत त्या पदावर होते. त्या काळात मंत्र्यांच्या आणि मंत्रालयाच्या ट्विटर खात्यावर प्रवासी थेट लिहू लागले. तान्ह्या बाळासाठी पुढच्या स्थानकावर दूध पोहोचल्याच्या, आजारी प्रवाशाला फलाटावर डॉक्टर भेटल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. स्टेशन मास्तरांच्या कार्यालयातील तक्रारवहीत लिहून पुढे काय झाले हे कधीच न कळण्याची सवय झालेल्या प्रवाशांना हा बदल फार मोठा वाटला, आणि तो मोठा होताच. वरिष्ठ अधिकारी उघड्यावर, सर्वांच्या देखत उत्तर देत आहेत हे खालच्या कर्मचाऱ्यालाही दिसत असल्यामुळे हालचाल लवकर होत असे. पण जी सेवा मंत्र्यांच्या लक्ष घालण्यावर आणि ट्विटर वापरणाऱ्या थोड्या लोकांवर अवलंबून असते, ती कोट्यवधी प्रवाशांची व्यवस्था होऊ शकत नाही. ‘रेल मदद’ २०१८ मध्ये आली. १ जानेवारी २०२० पासून वेगवेगळे मदत क्रमांक मोडीत काढून १३९ हा एकच क्रमांक पुढे आणला गेला आणि २०२१ मध्ये सुरक्षेसाठीचा १८२ हा क्रमांकही त्यातच विलीन झाला.

आज ‘एक्स’वर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, तक्रार लिहिली की ‘रेल्वे सेवा’ या खात्याकडून पीएनआर (तिकिटावरचा आरक्षण क्रमांक) आणि मोबाइल क्रमांक खासगी संदेशाने मागितला जातो आणि लवकर निवारणासाठी रेल मददच्या संकेतस्थळावर जावे किंवा १३९ वर फोन करावा, असे सुचवले जाते. म्हणजे जाहीर तक्रारही अखेर त्याच नोंदणीकडे येते. मग ती पहिल्यापासूनच तिथे का करू नये? गाडी, डबा आणि आसन कळल्याशिवाय कोणताही अधिकारी कोणाला धाडू शकत नाही, आणि ही माहिती रेल मददच्या अर्जात पीएनआर टाकताच मिळते.

अर्ज सुटसुटीत आहे. मोबाइलवर आलेला ओटीपी भरायचा, पीएनआर द्यायचा, तक्रारीचा प्रकार निवडायचा आणि हवे असल्यास छायाचित्र जोडायचे. स्वच्छता, पाणी, विजेची उपकरणे, चादरी-उशा, खानपान, कर्मचाऱ्यांचे वर्तन, वैद्यकीय मदत असे प्रकार वेगवेगळे दिलेले आहेत आणि ते नीट निवडणे फार महत्त्वाचे आहे, कारण प्रत्येक प्रकार हाताळणारा विभाग वेगळा. जुलै २०२५ मध्ये आलेल्या ‘रेलवन’ या ॲपमध्येही ही सोय आहे. मात्र कोणती तक्रार वाटेत सुटू शकते हे प्रवाशाने ओळखले पाहिजे. डब्यात पाणी भरण्याची सोय ठरावीक स्थानकांवरच असते. भुसावळसारखे मोठे जंक्शन येण्यापूर्वी तक्रार गेली तर उपयोग, ते मागे पडल्यावर गेली तर पुढच्या तशा स्थानकापर्यंत वाट पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

माझ्या दृष्टीने या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग ॲप नाही, १३९ हा क्रमांक आहे. साध्या कळफलकाच्या फोनवरून तो लागतो आणि बारा भाषांची सोय त्यात आहे. सुरक्षा आणि वैद्यकीय मदतीसाठी १ दाबले की थेट माणूस बोलतो, खानपानाच्या तक्रारीसाठी ३, सर्वसाधारण तक्रारीसाठी ४, आणि आधी केलेल्या तक्रारीचे काय झाले हे विचारण्यासाठी ९. गावाहून मुंबईला एकट्या निघालेल्या आजीला ‘एक्स’ शिकवण्यात अर्थ नाही. तिच्या फोनमध्ये १३९ साठवून द्यावा आणि १ दाबायचे एवढे नीट समजावून सांगावे.

एक गोष्ट या सेवेने ठळकपणे सांगायला हवी. चोरी किंवा विनयभंग यांची रेल मददवरील नोंद म्हणजे एफआयआर नव्हे. रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे, तर गुन्ह्याचा तपास राज्याच्या लोहमार्ग पोलिसांकडे. १३९ वर फोन केल्यावर जवान डब्यात येऊ शकतात, पण गुन्हा स्वतंत्रपणे नोंदवावाच लागतो, आणि गुन्हा कोणत्या हद्दीत घडला हे ठाऊक नसले तरी शून्य क्रमांकाने (‘झिरो एफआयआर’) तो दाखल करता येतो. घाबरलेल्या प्रवाशाला हा फरक अर्ज भरतानाच समजला पाहिजे.

जाहीर तक्रारीचा धोका याहून गंभीर आहे. तिकिटाचे छायाचित्र आणि मोबाइल क्रमांक ‘एक्स’वर टाकला की त्यावर टपून बसलेले भामटे ग्राहकसेवेचे प्रतिनिधी असल्याची बतावणी करून फोन करतात, परताव्याच्या नावाखाली लिंक पाठवतात किंवा फोनचा पडदा दिसेल असे ॲप उतरवून घ्यायला लावतात. परतावा मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे. ज्या यंत्रणेने लोकांना समाजमाध्यमावर यायची सवय लावली, तिने आपल्या प्रत्येक जाहीर उत्तरात क्रमांक उघड न करण्याची सूचना द्यावी, ही अपेक्षा मला रास्त वाटते.

उणिवा आहेत. कोकण रेल्वेच्या मार्गावर, करबुडेसारख्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात, फोनचा काहीच उपयोग नाही. तिथे टीटीई (तिकीट तपासनीस) किंवा गस्तीवरील जवान हाच आधार, आणि डब्यात आज कोण कामावर आहे हे प्रवाशाला कळण्याची सोय असायला हवी. मुंबईच्या लोकलमध्ये पासावर प्रवास करणाऱ्याकडे पीएनआर नसतो आणि दोन स्थानकांमधले अंतर काही मिनिटांचे असते. त्याच्यासाठी अर्जापेक्षा थेट फोनच बरा. तक्रार निकाली काढल्यावर प्रवाशाचा अभिप्राय विचारला जातो हे चांगले आहे, पण ‘आवश्यक कारवाई केली’ अशा एका ओळीने माझे समाधान होत नाही. कोणत्या स्थानकावर, किती वाजता, काय केले, एवढे तरी त्या उत्तरात लिहिलेले असावे, आणि ते प्रवाशाने तक्रार ज्या भाषेत केली त्याच भाषेत असावे.