आठ महिन्यांनंतर: पॅनिअर उत्तम, खालचा हुक मात्र घातक

सायकलच्या मागच्या कॅरिअरला लावायच्या या 20-20 लिटरच्या दोन पॅनिअर, म्हणजे सामानाच्या पिशव्या, मी गेल्या जुलैमध्ये 4,600 रुपयांना घेतल्या आणि त्याच महिन्यात एकटीने पुणे ते कन्याकुमारी हा सुमारे 1500 किलोमीटरचा प्रवास त्यांच्यासह केला. कापड, शिवण, जलरोधकता यांविषयी तक्रार नाही; खंबाटकी घाटापासून निपाणीपर्यंत पाऊस कोसळत असतानाही आतले कपडे कोरडे राहिले. मदुराई सोडेपर्यंत मी या पॅनिअरना निःशंकपणे पूर्ण गुण दिले असते.

मत फिरले ते तिरुनेलवेलीहून निघाल्यावर, शेवटच्या दिवशी. नैर्ऋत्य मोसमी वारा पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाशी असलेल्या आरल्वाइमोळीच्या खिंडीतून दाबला जाऊन पूर्वेकडे सुटतो, म्हणूनच मुप्पंदलच्या परिसरात पवनचक्क्यांचे रान उभे आहे. नांगुनेरीच्या पुढे हा वारा उजवीकडून, किंचित समोरून लागला. ताशी 15 किलोमीटर वेगाने जाताना समोरून तेवढाच वारा आला तरी हवेचा रोध चौपट होतो, आणि त्या दिवशीचा वारा त्याहून कितीतरी अधिक होता. सपाट रस्त्यावर माझा वेग ताशी आठवर आला. तोल राखण्यासाठी सायकल सतत उजवीकडे कलती ठेवावी लागे. ट्रक शेजारून पुढे जाऊ लागला की वारा क्षणभर अडे आणि सायकल ट्रकच्याच दिशेने ओढली जाई, तो निघून गेला की वाऱ्याचा तडाखा तिला रस्त्याच्या डाव्या कडेला लोटे.

या ओढाताणीत उजवी पॅनिअर आत दाबली जाऊन पुन्हा बाहेर खेचली जात होती, आणि हा सारा ताण तिच्या खालच्या टोकाला धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या एकाच हुकावर येत होता. वल्लियूरच्या अलीकडे त्याचा ओठ तुटला. वरचे दोन हुक शाबूत होते, पण खालून मोकळी झालेली पॅनिअर चाकाचे आरे आणि डिरेल्युअर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) यांच्याकडे झुलू लागली. मागच्या चाकात ती अडकली असती तर काय झाले असते, याचा विचार मला त्या रस्त्यावर करवेना. वल्लियूरपर्यंत मी सायकल हातात धरून चालत गेले.

तेथील पंक्चरवाल्याने स्कूटरच्या जुन्या ट्यूबची दोन बोटे रुंद पट्टी कापली, पॅनिअरच्या खालच्या पट्ट्यातून ओवून कॅरिअरच्या दांडीला दोन वेढे दिले आणि गाठ ओढून पाहिली. पैसे घ्यायला तो तयार नव्हता. ‘अक्का’ म्हणून त्याने पवनचक्क्यांकडे बोट दाखवले आणि तमिळमध्ये काहीतरी सांगितले, त्यातले ‘आडी’ आणि ‘अम्मी’ एवढेच शब्द माझ्या लक्षात राहिले. रात्री लॉजच्या व्यवस्थापकांनी अर्थ उलगडला: आडी महिन्याच्या वाऱ्यात अम्मी, म्हणजे वाटण वाटायचा पाटासुद्धा उडतो, अशी तिकडे म्हण आहे. आडी म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा काळ. ही म्हण आधी माहीत असती तर मी पहाटे चारला निघाले असते.

परत आल्यावर कंपनीशी दीड महिना पत्रव्यवहार केला. हुक ‘झिजणारा भाग’ असल्याने हमीत बसत नाही, सुटा मिळत नाही, नवी जोडी घेतल्यास 10 टक्के सवलत देऊ, असे उत्तर आले. शंभर रुपयांच्या आतल्या तुकड्यापायी धडधाकट पिशव्या टाकून द्यायला सांगणे मला आजही संतापजनक वाटते.

तरीही पिशव्या वाईट आहेत, हे त्या संध्याकाळी वहीत लिहिलेले मत मी आता मागे घेते. ट्यूबची पट्टी त्यानंतरचे सात महिने टिकली. उन्हाने चिरा पडल्यावर फेब्रुवारीत एकदाच बदलली, आणि डाव्या बाजूलाही तशीच बांधली. प्लॅस्टिकचा हुक ताण आला की ताठ राहून तुटतो, रबर थोडे ताणले जाऊन धक्का पचवते, म्हणून मला आता हीच रचना मूळ हुकापेक्षा भरवशाची वाटते. शिवाय जड सामान, म्हणजे अवजारे, कुलूप आणि पाण्याची जादा बाटली, तळाशी ठेवल्यापासून झुलणेही कमी झाले आहे.

विकत घेणाऱ्यांनी दुकानात खालचा हुक सुटा मिळतो का, हे आधी विचारावे. मिळत नसेल आणि तरीही घ्यायच्या असतील, तर पहिल्याच दिवशी पंक्चरच्या दुकानातून जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या आणून बांधाव्यात आणि तिसरी सामानात ठेवावी.