म्युनिकमधली चौथीची शिकवणी: गणित घ्या, सल्ला नको

लेकाला सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत ज्या नाखहिल्फला, म्हणजे इथल्या खासगी शिकवणीला घातलं होतं, तिच्याबद्दल लिहितेय. नाव घेत नाही. पाचपैकी तीन तारे, तेही गणिताच्या बाईंमुळे.

इथे बव्हेरिया राज्यात मूल गिम्नाझियमला (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), रेआलशुलेला (मधली, दहावीपर्यंतची) की मिटेलशुलेला (कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणारी) जाणार, हे चौथीतच ठरतं. मेच्या सुरुवातीला मिळणाऱ्या प्रगतिपुस्तकात जर्मन, गणित आणि हा-एस-ऊ (आपला परिसर अभ्यास) यांची सरासरी बघतात: २.३३ पर्यंत गिम्नाझियम, २.६६ पर्यंत रेआलशुले. इथे १ सगळ्यात चांगला आणि ६ सगळ्यात वाईट, हे सांगलीच्या आजीला अजून पटलेलं नाही.

महिना १८० युरो, आठवड्यातून दोनदा, चौघांचा गट. लेकाला गणितात चार मिळत होते. पाढे तोंडपाठ, तरी शाब्दिक उदाहरण आलं की घोळ. 'तीन डब्यांत ये आठ पेन्सिली, एकूण किती?' याचं उत्तर पठ्ठ्याने अकरा लिहिलं. बाईंनी त्याच्या जुन्या पेपरांतल्या प्रत्येक 'ये'ला लाल गोल केला आणि ते पेपर मला दाखवले. हा जर्मन 'ये' (je) म्हणजे 'इकडे ये' नव्हे, 'प्रत्येकी'. घरी तेवढा एक शब्द सांगितला, तर म्हणतो, "मग आधी सांगायचं ना!" बाईंनी असल्या शब्दांची वेगळी वहीच करून घेतली. मार्चपर्यंत चाराचे दोन झाले. बाईंना मी पाच तारे देईन.

संचालकांना मात्र एकच. मार्चमध्ये बोलावून म्हणाले, घरी जर्मन नसलेल्या मुलांसाठी रेआलशुलेच बरी. गिम्नाझियमच हवं असेल तर मेमध्ये तीन दिवसांचा प्रोबेउंटररिष्ट (सरासरीत न बसणाऱ्यांसाठी चाचणीचे तास) असतो, त्याच्या तयारीचा आमचा कोर्स घ्या, ३९० युरो. फॉर्म पुढे सरकवलेलासुद्धा! तो मी पिशवीत कोंबला नि निघाले.

बाहेर बाकावर एक तुर्की आई बसली होती. तिने शाळेतल्याच समुपदेशक शिक्षिकेकडे जायला सांगितलं, एक पैसा लागत नाही म्हणाली. तिचा मोठा मुलगा रेआलशुलेतून एफओएसला (दहावीनंतरची पुढची शाळा) गेला नि तेरावी करून आबिटुअर, म्हणजे विद्यापीठ-प्रवेशाची परीक्षा, पास झाला. म्हणजे रेआलशुलेत गेलं की दारं बंद, असंही नाही.

शिक्षिकेने पहिला प्रश्न विचारला, "हा जर्मन शाळेत कितवीपासून?" आम्ही पुण्याहून आलो तेव्हा तो दुसरीत होता. मातृभाषा जर्मन नसलेलं मूल पहिलीपासून जर्मन शाळेत नसेल आणि गुण भाषेच्या भरून निघण्यासारख्या कच्चेपणामुळे कमी असतील, तर ३.३३ पर्यंतही गिम्नाझियमसाठी योग्य ठरवता येतं. वर्गशिक्षिकेशी बोलून घ्या म्हणाली. मेमध्ये जर्मन तीन, गणित दोन, हा-एस-ऊ तीन, सरासरी २.६६, आणि खाली 'गिम्नाझियमसाठी योग्य'. चौथीच्या मुलांवर धंदा करणाऱ्या संचालकांना हा नियम माहीत नसेल?

शिकवणी सोडायची तर चार आठवडे आधी लेखी कळवावं लागतं. मी वेळेत ई-मेल केला. सहीचा कागद नाही म्हणून पुढच्या महिन्याचेही १८० घेतले. तुम्ही पत्रच टाका, रजिस्टर्ड.