लिटल प्रोफेसर घ्यावा की डेटामॅन?

गणिताचा सराव करून घेणारी जुनी इलेक्ट्रॉनिक खेळणी कपाटात मांडायची असतील तर आवडेल ते घ्या. पण सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हाती द्यायची असतील, तर माझ्या मते निवड दोघांतच आहे. दोन्ही टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीची: १९७६चा लिटल प्रोफेसर आणि १९७७चा डेटामॅन.

लिटल प्रोफेसर म्हणजे उलटा कॅल्क्युलेटर. गणित तो घालतो, उत्तर मुलानं द्यायचं. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. काठिण्याच्या चार पायऱ्या. एका फेरीत दहा गणितं. उत्तर चुकलं की पडद्यावर ‘EEE’ उमटतं, तिसऱ्यांदा चुकलं की तोच बरोबर उत्तर दाखवतो. ही तीन संधींची रचना मला फार मोलाची वाटते: मूल पुन्हा मनाशी हिशेब करतं, पण एकाच गणितावर अडकून राहत नाही. शिवाय घड्याळ लावलेलं नाही. घाई केली की ज्याला सुचेनासं होतं, त्या मुलाला हाच द्या.

डेटामॅन खेळकर आहे. त्यात वेळेशी शर्यत आहे, लपलेला आकडा ओळखायचा आहे, दोघांनी आळीपाळीनं वजाबाकी करत शून्याकडे जायचा डावही आहे. पण त्याचं खरं बळ ‘मेमरी बँक’मध्ये. मूल नेमकं ‘सात आठे’ आणि ‘नऊ साती’ला अडखळत असेल, तर तीच गणितं भरून ठेवा, यंत्र तीच विचारेल. प्रोफेसरला हे जमत नाही. पाढे कच्चे असतील तर मी डेटामॅनच घेईन.

बाकीच्यांत नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीचा १९७५चा क्विझ किड दिसायला गोड घुबड, पण त्याला पडदाच नाही. गणित आणि उत्तर दोन्ही मुलानं भरायचं, तो फक्त चूक की बरोबर सांगतो. १९८०चा स्पीक अँड मॅथ बोलतो, पण इंग्रजीत. मराठी माध्यमातल्या लहान मुलाला गणिताआधी भाषेशीच झगडावं लागेल.

पहिला लिटल प्रोफेसर आणि डेटामॅन ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. पहिल्या प्रोफेसरचे लाल एलईडी आकडे बॅटरी भराभर खातात; नंतरचे एलसीडीचे नग पुष्कळ टिकतात. घेण्याआधी बॅटरीचा कप्पा उघडून गंज पाहा, प्रत्येक बटण दाबा, आणि गणितात व उत्तरात ८ नीट उमटतो का ते मुद्दाम बघा. त्याची मधली आडवी रेघ पेटत नसेल तर आठाचं शून्य दिसतं, आणि समोर दिसणारं गणित अचूक सोडवूनही मूल चुकीचं ठरतं. असा नग कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्या.