ॲसिडिटीवर श्वासाचं यंत्र : तीन गोळ्यांचं नको, स्प्रिंगवालं बघा

व्हायरलचा ताप उतरतो, पण खोकला तीन-चार आठवडे हटत नाही. त्याच्या मागोमाग जळजळ सुरू होते, आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं. अशा वेळी पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलसमोरच्या सर्जिकल दुकानात ‘श्वासाच्या व्यायामाचं यंत्र’ मागितलं, तर काउंटरवर बहुधा तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर येतं. करोनाच्या काळात ते इतकं खपलं की कित्येकांच्या माळ्यावर आधीच एक पडलेलं असेल. काही शे रुपयांत मिळतं आणि ऑपरेशननंतर फुप्फुसं नीट फुलावीत म्हणून ते चांगलंच आहे. ॲसिडिटीच्या कामाचं मात्र नाही.

कारण त्याच्या रचनेतच आहे. गोळ्यांखाली 600, 900, 1200 असे आकडे असतात. ते सेकंदाला किती घनसेंटिमीटर हवा ओढली त्याचे. म्हणजे हे यंत्र वेग दाखवतं, स्नायूवर ठरावीक भार टाकत नाही. तिसरी गोळी वर न्यायच्या नादात माणूस खांदे उचलून, मान ताणून झटका देतो. गोळी वर जाते, पोट जागचं हलत नाही. ज्या स्नायूला काम द्यायचं तो बसूनच राहतो.

तो स्नायू म्हणजे श्वासपटल, छाती आणि पोट यांच्यामधला पडद्यासारखा स्नायू. अन्ननलिका त्याच्यातूनच खाली जठरात उतरते आणि तिथे त्याचे तंतू तिला चिमट्यासारखे धरून असतात. अन्ननलिकेची स्वतःची झडप आणि बाहेरून ही पकड, अशा दोघांच्या जोरावर ॲसिड खाली राहतं. आजारपणात माणूस आठवडाभर पडून राहतो, श्वास छातीतल्या छातीत घेतो, आणि खोकल्याच्या प्रत्येक उबळीला पोटातला दाब या पकडीवर आदळतो. वर आलेलं ॲसिड घसा चिडवतं, त्यातून पुन्हा खोकला. हे चक्र तोडायला श्वासपटलाला भार देऊन ताकद आणायची, एवढाच या यंत्रामागचा हिशेब.

त्यासाठी दुकानात ‘इन्स्पिरेटरी मसल ट्रेनर’ म्हणून मागा. पारदर्शक नळी, तोंडात धरायचा माउथपीस आणि आत स्प्रिंगने दाबलेला व्हॉल्व्ह. ठरवलेल्या ताणाइतकं ओढलं तरच व्हॉल्व्ह उघडतो, मग तुम्ही हळू ओढा की जोरात. श्वास सोडताना अडथळा नसतो. ‘थ्रेशोल्ड आयएमटी’ या जुन्या, साध्या यंत्राचा ताण 9 ते 41 सेंटिमीटर पाण्याच्या दाबापर्यंत जातो आणि या कामाला तेवढा पुरतो. ‘पॉवरब्रीद’ घेणार असाल तर हलक्या ताणाचं मॉडेल घ्या. जड मॉडेल तगड्या खेळाडूंसाठी आहे. दोन्ही काही हजारांच्या घरात जातात, आणि बहुतेक दुकानांत ऑर्डर देऊनच मागवावी लागतात.

घेताना एक गफलत हमखास होते. ‘थ्रेशोल्ड पीईपी’ नावाचं दिसायला जवळजवळ तसंच यंत्र मिळतं, पण त्यात अडथळा श्वास सोडताना असतो. ते कफ सुटण्यासाठी आहे. त्यावर जोर लावून श्वास सोडला की पोटाचे स्नायू आवळतात आणि दाब उलट वाढतो. पुठ्ठ्यावरचं नाव वाचून घ्या. नाकाचा चिमटा सोबत आहे का, तेही बघा.

यंत्राला तोंड लावण्याआधी दोन आठवडे बिनपैशाचा व्यायाम करा. पाठीवर झोपा, पाठीपासून डोक्यापर्यंतचा भाग उताराने उंच ठेवा, गुडघे दुमडा, बेंबीच्या वर किलोभर डाळीची पिशवी ठेवा. नाकाने पाच सेकंद श्वास घेताना पिशवी वर गेली पाहिजे, पाच-सहा सेकंदांत सोडताना आपोआप खाली. छातीवरचा हात जवळजवळ स्थिर. दहा मिनिटं, दोन वेळा. 2012 साली ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या डॉक्टरांनी जी चाचणी छापली, ती अशाच पोटाच्या श्वासाची होती, यंत्राची नव्हे. रुग्ण फक्त 19, पण चार आठवडे व्यायाम करणाऱ्यांच्या अन्ननलिकेत ॲसिड राहण्याचा वेळ कमी झाला. यंत्राच्या बाजूने पुढच्याच वर्षी ब्राझीलमधला अभ्यास आला: दोन महिन्यांच्या सरावानंतर झडपेचा दाब वाढलेला दिसला. तोही छोटाच अभ्यास. त्यामुळे डाळीच्या पिशवीवरच जळजळ उतरायला लागली, तर यंत्रावर पैसे घालू नका. आजारानंतर जिना चढताना धाप लागते, श्वास अपुरा वाटतो, अशांना यंत्राचा खरा उपयोग.

यंत्र वापरायचं ते सकाळी चहाच्या आधी आणि संध्याकाळी, खाऊन दोन-तीन तास झाल्यावर. पाठ टेकून खुर्चीत बसा, पाय जमिनीवर, पट्टा किंवा परकराची नाडी सैल. फिजिओथेरपिस्टकडे श्वास ओढण्याची ताकद मोजता आली तर तिच्या 30 टक्क्यांवर सुरुवात करतात. ताकद 60 सेंटिमीटर भरली तर ताण 18 वर. मोजणं जमत नसेल तर 9 वर लावा. चिमटा नाकाला, ओठ घट्ट, एक-दोन सेकंदांत दमदार श्वास आत, मग तीन-चार सेकंद सैल सोडायचा. असे दहा, मिनिटभर विश्रांती, पुन्हा दहा, पुन्हा दहा. शेवटचे पाच जड जायला हवेत, पण जमायला हवेत. ताण आठवड्याला दोनने वाढवा, त्याहून घाई नको. फरक कळायला चार ते आठ आठवडे जातात, आणि सोडलं की ताकद ओसरते.

चक्कर आली तर ताण जास्त नसतो, वेग जास्त असतो. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. दोन श्वासांमध्ये थांबा. ढेकरांवर ढेकर येत असतील तर श्वासाबरोबर हवा गिळली जातेय. ताण एक पायरी खाली आणा आणि मधे आवंढा गिळू नका. गाल आत जात असतील तर काम तोंडाने चाललंय. खोकल्याची उबळ आली की त्या वेळेपुरतं बंद, कोमट पाण्याचा घोट, आणि पुढच्या वेळी खालच्या ताणावर. व्यायाम करतानाच जळजळ होत असेल तर बहुतेक वेळा पोट भरलेलं असतं: जोरात श्वास ओढताना छातीतला दाब पोटापेक्षा बराच खाली जातो आणि ढिल्या झडपेतून ॲसिड वर खेचलं जातं. दुसऱ्या दिवशी अंगातलं त्राणच गेल्यासारखं वाटलं तर संख्या निम्मी करा; व्हायरलनंतर हे होतं आणि रेटून बरं होत नाही.

पुण्यात योगाची परंपरा जुनी, त्यामुळे ‘कपालभाती करतोच की’ हे उत्तर ठरलेलं. कपालभाती आणि भस्त्रिकेत पोटाला झटके बसतात. जळजळ असेपर्यंत ती दोन्ही बाजूला ठेवा. अय्यंगार पद्धतीतला, बॉल्स्टरवर म्हणजे लोडावर पाठ उंच करून घ्यायचा शांत श्वास चालेल. मिसळ खाऊन, वर अमृततुल्यचा कटिंग मारून यंत्र तोंडात धरलं, तर दोष यंत्राला देऊ नये. झोपताना उशांवर उशा रचल्या की पोट दुमडतं. त्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली 15-20 सेंटिमीटरचे ठोकळे द्या आणि डाव्या कुशीवर झोपा.

पूर्वी कधी फुप्फुसाभोवती हवा साठलेली असेल, कानाचा पडदा फाटलेला असेल, नुकतंच पोटाचं किंवा छातीचं ऑपरेशन झालं असेल, बरगडी मोडली असेल तर यंत्र नको. ताप चालू असतानाही नको. मोठा हायटस हर्निया असेल, म्हणजे जठराचा भाग श्वासपटलातून वर छातीत सरकलेला असेल, तर झडप आणि श्वासपटलाची पकड एका जागी राहिलेलीच नसते. तिथे व्यायामाकडून फार अपेक्षा ठेवू नये.

औषधांचंही बघायला हवं. खोकल्यासाठी दिलेल्या थिओफायलिनने झडप ढिली पडते, आणि डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकची गोळी घोटभर पाण्यावर घेतली तर अन्ननलिकेला चिकटून तिथे जखम करते. डॉक्टरांना जळजळ सांगा, ते बदल करतील. ॲसिड कमी करणारं पॅन्टोप्राझोल नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायचं, आणि व्यायाम सुरू झाला म्हणून मनाने एकदम बंद करायचं नाही. ॲसिड उसळून येतं. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर क्षयासाठी थुंकी तपासून घ्या. घास अडकणं, वजन उतरणं, काळी शी, रक्ताची उलटी यांत यंत्राचं काम नाही, डॉक्टर गाठा. छातीतलं दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल तर तडक इमर्जन्सीत.

स्वच्छता सोपी, पण पुण्यात दोन अडचणी. यंत्र उकळू नका, प्लास्टिक वाकतं. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून दहा मिनिटं, मग साध्या पाण्याने धुवायचं. बोअर किंवा टँकरचं जड पाणी असेल तर शेवटचं धुणं फिल्टरच्या पाण्याने करा, नाहीतर व्हॉल्व्हवर पांढरा थर धरतो आणि ताणाचा आकडा खोटा ठरतो. पावसाळ्यात डबा बंद करून ठेवलं तर कुबट वास येतो. पंख्याखाली सुट्टे भाग रात्रभर वाळवा. आणि एक यंत्र एकाच माणसाचं. घरात चौघांना व्हायरल झालं म्हणून ते चौघांत फिरवू नका.