नवीन सिटी हॉल: काउंटरपर्यंत मस्त, सभागृहात घोळ (५ पैकी ३.५)

आईची व्हीलचेअर घेऊन नवीन सिटी हॉलमध्ये आम्ही आता बऱ्यापैकी फिरलोय, म्हणून लिहितोय. सगळ्यात आवडलं ते हे की व्हीलचेअरवाल्यांना मागच्या बाजूचं वेगळं दार नाहीये, मेन दरवाजाच जमिनीच्या लेव्हलला आहे, उंबरा नाही, दार आपोआप सरकतं आणि सगळे तिथूनच आत जातात, बाळाची गाडी ढकलणारे पण आणि गुडघे धरून चालणारे आजोबा पण. पार्किंगकडून थोडा चढ आहे तिथे १:१२ चा रॅम्प दिलाय, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, दोन्हीकडे रेलिंग, त्यामुळे ढकलताना फार जोर लागत नाही. जुन्या बिल्डिंगमध्ये दोघांनी खुर्ची उचलून न्यावी लागायची आणि आईला ते अजिबात आवडायचं नाही.

काउंटरचा एक भाग मुद्दाम खाली घेतलाय, साधारण ७५-८० सेंमी उंचीवर, खाली गुडघे जातील एवढी मोकळी जागा, बसून समोरासमोर बोलता येतं. पण तिथे प्रिंटर आणि फायलींचा ढीग! आर्किटेक्टने विचार करून दिलेली जागा ऑफिसने गोडाऊन करून टाकली, काय बोलणार. टोकन नंबर स्क्रीनवर येतो आणि पुकारतात पण, हे छान, फक्त हॉल उंच आणि सगळीकडे दगड-काच, त्यामुळे आवाज इतका घुमतो की मलाच नीट कळत नव्हतं. कानाच्या मशीनसाठी इंडक्शन लूप आहे, मशीन टी सेटिंगवर टाकलं की काउंटरवरचा आवाज थेट कानात येतो, पण तसा बोर्ड कुठेच नाही, विचारलं तेव्हा कळलं. टॉयलेट मोठं आहे, खुर्ची आरामात वळते.

आता सभागृह. प्रेक्षकांच्या गॅलरीत व्हीलचेअरची जागा शेवटच्या रांगेत, बरं तेही चालवून घेतलं असतं, पण नागरिकांनी बोलायचा माइक जिथे ठेवलाय तिथे चढायला तीन पायऱ्या आणि रॅम्प नाही. म्हणजे दाखला घ्यायला या, बोलायला येऊ नका?? सभासदांच्या स्टेजलाही पायऱ्याच, म्हणजे उद्या व्हीलचेअरवरचा कोणी निवडून आला तर तो कुठे बसणार हा विचार कोणाच्या डोक्यातच आला नाही असं दिसतंय. बॉस्टनचा सिटी हॉल १९६८ चा, त्याच्यासमोरचं पायऱ्यांचं विटांचं मैदान व्हीलचेअरला सोयीचं करून पुन्हा उघडलं ते २०२२ मध्ये. इथे सिमेंट अजून ताजं आहे, आत्ताच करून टाका ना.

अजून एक, आग लागली की लिफ्ट बंद, मग वरच्या मजल्यावरच्या व्हीलचेअरवाल्यांनी काय करायचं? जिन्याजवळ सुरक्षित थांबायची जागा आहे का हे गार्डला विचारलं तर तो माझ्याकडेच बघत बसला. जाणार असाल तर सकाळी लवकर जा, तेव्हा आवाज कमी असतो, आणि कमी उंचीचं काउंटर रिकामं करून मागा, कुरकुरतात पण देतात.