बैठा भरतकाम स्टँड: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि त्या एका स्क्रूबद्दल

स्टँडवरच्या, दोन कड्यांमध्ये कापड ताणून धरणाऱ्या आठ इंची रिंगच्या स्क्रूचे आटे गेले. स्क्रू फिरतो, नुसता फिरतच राहतो, कापड काही आवळलं जात नाही. त्यावरून कंपनीशी जी वादावादी झाली, तिच्यामुळे हे लिहायला बसले. एरवी या स्टँडचं कौतुकच लिहिणार होते, आणि तेही लिहिणारच आहे.

पट्टीवर आपण बसायचं, दांडा वर येतो, टोकाला रिंग. ज्यांना घ्यायचाय त्यांना हे माहीत असतं, म्हणून मापांत शिरत नाही. खरा फायदा म्हणजे दोन्ही हात मोकळे. एक हात कापडावर, एक खाली. वरून सुई टोचली की खालचा हात ती ओढून घेतो आणि तिथूनच परत वर पाठवतो. रिंग हातात धरून दर टाक्याला मनगट उलटवायचं, ते संपलं. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची, तीही थांबली.

माझी एका वेळी तीन कामं चालू असतात. 14 काउंटच्या आयडा कापडावर (म्हणजे इंचाला 14 चौकटी असलेल्या, मोजून भरायच्या कापडावर) क्रॉस स्टिचचं चित्र, दोऱ्याच्या दोन पदरांनी. साध्या सुती कापडावर फुलांची वेल: वेल साखळी टाक्याची, पाकळ्या भरीव टाक्याच्या. आणि धावदोऱ्याची एक मोठी चादर. चादरीला स्टँडचा काहीच उपयोग नाही. धावदोरा हातात सैल धरलेल्या कापडावरच चांगला धावतो. बाकी दोन्ही कामं स्टँडमुळे खरंच पुढे सरकली. 14 काउंटमध्ये एका चौरस इंचात 196 टाके बसतात. तासभर मान मोडून काम केलं तरी चित्र होतं तिथेच वाटतं. तेव्हा पाकळी घ्यावी, ती एका बैठकीत पुरी होते आणि हुरूप येतो. मोजायचं काम दिवसाउजेडी, पाकळ्या रात्री दिव्याखाली, असं मी वाटून घेतलंय. त्यामुळे कुठलंच काम कपाटात जाऊन पडलेलं नाही.

पण दोन कामं आलटून पालटून करायची तर रिंगही दर वेळी काढायची आणि लावायची. कापड रिंगमध्येच ठेवून दिलं की गोल वळ उमटतो आणि मग धुऊन इस्त्री केल्याशिवाय जात नाही. भरलेल्या पाकळीवर रिंग दाबून राहिली तर टाके चेपतात ते वेगळंच. म्हणजे स्क्रू रोज ढिला, रोज घट्ट. आणि स्क्रू कसला, तर पितळेचा. पितळ मऊ. वर त्याला पेचकसाची खाच दिलेली, म्हणजे बोटांपेक्षा जास्त जोर लावायला आमंत्रणच. एवढा दणकट दांडा, एवढं गुळगुळीत लाकूड, आणि सगळा ताण ज्याच्यावर, तोच भाग सगळ्यात स्वस्त!

सैलपणा आधी कळतो तो भरीव टाक्यात. कापड ताणलेलं नसलं की शेजारी शेजारी पडणारे टाके पाकळीच्या दोन्ही कडा आत ओढतात, मधे बारीक चुण्या पडतात, आणि रिंग काढल्यावर त्या कितीही इस्त्री करा, राहतातच. माझ्या दोन पाकळ्या अशा गेल्या. उसवताना कापडाची वीण पण विस्कटली.

कंपनीचं उत्तर: झीज वॉरंटीत बसत नाही, सुटा स्क्रू आम्ही देत नाही, पूर्ण संच घ्या. बोटाच्या पेराएवढ्या भागासाठी संच! पुन्हा लिहिलं, फोटो पाठवले, तेच उत्तर आलं. मी संच घेतला नाही, घेणारही नाही.

जुना स्क्रू घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेले. त्याच जाडीचा, जरा लांब बोल्ट आणि विंग नट घेतला. स्टेनलेस स्टीलचाच मागून घ्या, साधं लोखंड दमट हाताने गंजतं आणि गंजाचा डाग कापडावर उतरतो. नटाला पंख असल्यामुळे पेचकस लागत नाही, बोटांनीच पुरेसं आवळतं. शिवाय आतल्या रिंगला सुती पट्टी तिरकी गुंडाळून टोक शिवून टाकलं. आता कापड घसरत नाही, म्हणून आवळावंही कमी लागतं. पट्टी पांढरीच घ्या, रंगीत पट्टीचा रंग लागू शकतो.

कंपनीचं उत्तर आलं त्या दिवशी एकच तारा देणार होते. बोल्ट बसवल्यावर वेलीची उरलेली पाकळी भरली. कापडावर टिचकी मारली तर टणटणीत आवाज येतो, टाके काठोकाठ सपाट बसले. रागाचा एक तारा या स्टँडवर अन्याय ठरेल. म्हणून स्टँडला चार, सेवेला शून्य. एकच काम धरून महिनोन् महिने त्याच्यावर बसणाऱ्यांना पितळी स्क्रू बराच काळ पुरेल. माझ्यासारखी दोन-तीन कामं फिरती ठेवणाऱ्यांनी मात्र स्क्रू पहिल्याच आठवड्यात काढून बोल्ट बसवावा, आटे जायची वाट बघू नये. आणि घेण्याआधी कंपनीला एकदा लेखी विचारा, सुटा स्क्रू देता का. बऱ्याच जणांनी विचारलं तर कदाचित देऊ लागतील.