पान पसंद की रोला कोला?

या दोन गोळ्यांतली माझी आवडती कोणती, ते आधीच सांगते: रावळगावची पान पसंद. त्यात आमच्या नाशिक जिल्ह्याचा अभिमान आहेच. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावला वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली साखर कारखाना काढला आणि १९४२ पासून तिथे गोळ्याही बनू लागल्या. ऊस, साखर, गोळी, सगळं आपल्याच मातीतलं.

पण खरी बाजी मारते ती चव. पीळ दिलेला कागद सोडवला की आधी वास यायचा, मग जिभेवर चक्क विडा! घरात आम्हा मुलांना पान मिळत नसे, ‘जीभ जड होते’ म्हणायचे. त्यामुळे मोठ्यांची ती चव उघडपणे चाखायला मिळण्याचं अप्रूप फार होतं. गोळी चावायची नाही, गालात धरून ठेवायची. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून सुटलेल्या एसटीत ती बराच वेळ पुरायची.

रोला कोला पार्लेची. चपट्या तपकिरी गोळ्यांची कागदी नळी, वर्गात वाटायला एकदम सोयीची. कोलाची बाटली परवडत नसे, तेव्हा हिच्यावर भागायचं. वाटून खाण्यात मात्र पान पसंद हिच्या जवळपासही येत नाही. २००६ मध्ये रोला कोला बंद झाली आणि चाहत्यांनी ऑनलाइन लावून धरल्यावर २०१९ मध्ये परत आली.

रावळगावचे गोळ्यांचे ब्रँड २०२४ मध्ये रिलायन्सने २७ कोटींना घेतले. नाव टिकतंय, बरं वाटलं. वेष्टनावर ‘रावळगाव’ मात्र कायम राहायलाच हवं.